जुन्या पोर्शेच्या काळ्या कडा

पोर्शे ९११ या जर्मन स्पोर्ट्स गाडीचे १९७४ ते १९८९ या काळातील कोणतेही मॉडेल समोर आले, तर तिच्या रंगाइतकीच नजरेत भरते ती काळी रेषा. बंपरच्या अंगावर, काचांभोवती, दारांच्या चौकटीत रबराच्या काळ्या कडा लाल किंवा पांढऱ्या पत्र्याला उठाव देतात. चित्र पुरे झाल्यावर चित्रकाराने शेवटची बाह्यरेषा ओढावी, तसे त्यांचे रूप असते. आज या गाड्यांपैकी सर्वांत लहान गाडीनेही पस्तिशी ओलांडली आहे आणि थोरल्या गाड्यांनी पन्नाशी गाठली आहे. रंग पुन्हा मारता येतो, इंजिन उघडून नव्याने बांधता येते, आसने शिवून घेता येतात. परंतु या कडा करड्या पडल्या की सगळी गाडीच थकलेली दिसते. म्हणून नवा मालक पहिला हात तिथेच घालतो आणि बहुधा पहिली चूकही तिथेच करतो. रबरात प्राण उरला आहे की नाही, हे पाहण्यापूर्वीच तो त्याला काळे करण्याच्या मागे लागतो.

हे रबर शोभेसाठी आलेले नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेने बंपरविषयी कडक नियम केले. ताशी ५ मैल, म्हणजे सुमारे ८ किलोमीटर वेगाने धडक बसली, तरी दिवे आणि सुरक्षेशी संबंधित इतर भाग शाबूत राहिले पाहिजेत, असा त्यांचा आशय होता. अमेरिका ही पोर्शेची मोठी पेठ होती. तिथला गिऱ्हाईक सोडून चालणार नव्हते. त्यामुळे १९७४ च्या मॉडेलपासून ९११ ला ॲल्युमिनियमचे नवे बंपर बसले. अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांत त्यांच्यामागे हायड्रॉलिक डॅम्पर होते. धक्का बसला की बंपर आत सरकायचा आणि पुन्हा जागेवर यायचा. इतर देशांसाठी सामान्यतः धक्क्याने चेपणाऱ्या नळ्या असत. बंपर सरकायचा, तर तो आणि बॉडी यांच्यामध्ये फट हवी. आणि फट उघडी ठेवली, तर गाडी बेंगरूळ दिसते. कारखान्याने ती फट हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या असलेल्या रबरी तुकड्यांनी झाकली. पुढे दोन, मागे दोन असे हे चार भाते पुढे त्या पिढीच्या ९११ ची ओळखच होऊन बसले. याच नियमांपायी ब्रिटनच्या एमजीबी या गाडीच्या दोन्ही टोकांना जाडजूड काळे बंपर आले आणि तिची उंचीही वाढवावी लागली. तिचे चाहते अजून त्याबद्दल हळहळतात. त्या मानाने पोर्शेच्या आरेखकांनी सक्तीतूनही सौंदर्य काढले, असेच म्हणावे लागेल.

भात्यांखेरीज बंपरवरून धावणारी रबरी पट्टी आहे, धक्का झेलणाऱ्या रबरी ठोकळ्या आहेत, पुढच्या-मागच्या काचांचे बीडिंग आहे, दारांचे बीडिंग आहे. टार्गा प्रकारात, म्हणजे ज्या गाडीच्या छताचा मधला भाग काढून ठेवता येतो तिच्यात, छताच्या चारही कडांना आणखी रबर येते. यांपैकी पट्टी आणि ठोकळ्या पत्र्याचे ओरखडे वाचवतात. काचांचे, दारांचे आणि छताचे बीडिंग मात्र पाणी अडवते. या दोन कामांतला फरक लक्षात ठेवला, तर पैसा कुठे घालायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे पुढे आपोआप कळते. बंपरवरची पट्टी करडी राहिली, तर फक्त डोळ्यांना खटकते. काचेचे बीडिंग मेले, तर पत्रा सडतो.

रबर करडे का पडते? मुळात ते काळे नसतेच. झाडाचा चीक सुकवला, तर पिवळसर, उन्हात चिकट आणि थंडीत कडक होणारा पदार्थ मिळतो. चार्ल्स गुडइयर या अमेरिकनाने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांच्या साहाय्याने त्याला स्थैर्य देण्याची युक्ती शोधली आणि १८४४ मध्ये तिचे पेटंट मिळवले. काळा रंग आला तो पुढे, अत्यंत बारीक काजळी मिसळू लागल्यावर. काजळीमुळे रबर बळकट होते आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरण ती स्वतःच शोषून घेते. तरीही वर्षानुवर्षे ऊन लागले, की पृष्ठभागाचा अगदी पातळ थर झिजतो. काजळीला धरून ठेवणारे रबर सुटते, वर भुकटी जमते आणि ती प्रकाश विखुरते. डोळ्यांना तो भाग करडा दिसतो. खाली बहुधा चांगले रबर शिल्लक असते.

दुसरा शत्रू अधिक कपटी आहे. हवेतील ओझोन नैसर्गिक रबराच्या आणि अनेक कृत्रिम रबरांच्या रेणुसाखळीतील दुहेरी बंधांवर घाला घालतो. रबर सैल असेल, तेव्हा त्याचा परिणाम फारसा जाणवत नाही. ते ताणलेले किंवा वाकवलेले असेल, तर मात्र ताणाच्या दिशेला काटकोनात बारीक भेगा पडू लागतात. ९११ च्या भात्यांकडे पाहिले, तर भेगा सपाट भागावर न दिसता घडीच्या वळणावरच दिसतात. त्याचे कारण हेच. ओझोन केवळ शहरांच्या धुरकट हवेतच असतो असेही नाही. ज्या विजेच्या मोटारींत ब्रशच्या ठिणग्या उडतात, त्यांच्या आसपासही तो निर्माण होतो. त्यामुळे बंद गॅरेजमध्ये अशा यंत्राशेजारी झाकून ठेवलेली गाडीही सुरक्षित राहतेच असे नाही.

कारखान्यात रबर बनवताना या हल्ल्याची तरतूद केलेली असते. त्यात मेण आणि ओझोनविरोधी रसायने मिसळतात. ती हळूहळू आतून पृष्ठभागावर येऊन कवच धरतात. टायरच्या कडेला दिसणारी तपकिरी झाक हा याच रसायनांचा प्रताप आहे. पुष्कळ मालक तिला मळ समजून पेट्रोलने किंवा थिनरने खसाखसा पुसून काढतात. त्यासरशी आलेले कवच तर जातेच, शिवाय आत उरलेला साठाही लवकर बाहेर ओढला जातो. १९६० च्या दशकात बाजारात आलेल्या ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसतात. त्यामुळे ओझोनपुढे ते पुष्कळ टिकते, आणि आज गाड्यांची बीडिंगे मोठ्या प्रमाणावर त्याचीच असतात.

तेव्हा काम हाती घेण्यापूर्वी तपासणी हवी, आणि तिला कोणतेही महागडे साधन लागत नाही. प्रथम रबर सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने धुऊन पूर्ण वाळू द्यावे. पूर्वीच्या मालकाने लावलेल्या तेलांचा आणि पॉलिशचा थर निघाल्याशिवाय खरे रूप दिसत नाही. कधी कधी दोन-तीन वेळा धुवावे लागते. नंतर पांढरे फडके फिरवावे. त्यावर काळी भुकटी आली, तर पृष्ठभाग झिजला आहे. पुढे अंगठ्याचे नख दाबून पाहावे. नखाचा ठसा पडून लगेच भरून आला, तर रबर जिवंत आहे. ठसा पडलाच नाही, तर ते कडक झाले आहे. बोट चिकटले आणि काळा राप हाताला लागला, तर रबर आतून विघटित होऊ लागले आहे आणि त्यावर उपाय नाही. शेवटी भात्याची घडी हलकेच उघडून, भिंग असल्यास भिंगाखाली, तिचा तळ पाहावा. केसासारख्या भेगा वरवर असतील, तर काही वर्षे निघतील. नख अडकण्याइतकी भेग असेल, तर ती पुढे वाढणारच.

पुष्कळदा या तपासणीतच आनंदाची बातमी मिळते. जे करडेपण वाटत होते, ते निव्वळ वाळलेले पॉलिश निघते. बॉडीला पॉलिश करताना ते रबराच्या खडबडीत पोतात शिरते आणि वाळून पांढरे होते. कधी जुन्या डेंटिंग-पेंटिंगच्या वेळी कडा नीट न झाकल्याने रंगाचा बारीक फवारा रबरावर बसलेला असतो. असा फवारा गाडीच्या इतिहासाविषयीही काही सांगतो. ‘कारखान्याचाच रंग’ म्हणून दाखवलेल्या गाडीच्या बीडिंगवर रंगाचे कण सापडले, तर विकणाऱ्याला दोन प्रश्न अधिक विचारायला हवेत.

ज्या रबरात प्राण आहे, त्याचे काम सोपे पण सबुरीचे आहे. खडबडीत पोत नसलेल्या, जाड आणि सलग पट्टीवरील झिजलेला थर अतिशय बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने उतरवता येतो. पोत असलेल्या भागावर हा प्रयोग करू नये. पोत एकदा गेला की परत येत नाही. भात्यांवर तर मुळीच करू नये, कारण तिथे रबर पातळ असते. त्यानंतर पाण्यावर आधारलेले, रबरासाठीचे सिलिकोनयुक्त द्रव्य स्पंजवर थोडेसे घेऊन लावावे, मुरू द्यावे आणि उरलेले पुसून टाकावे. एका थरात गडद काळे करण्याचा हव्यास धरू नये. पातळ थर, मध्ये एक दिवस आणि पुन्हा पातळ थर, असे केले की रबर नव्यासारखे मंद काळे दिसते. आरशासारखी चकाकी हे चांगल्या कामाचे लक्षण नाही. कारखान्यातून निघालेली ९११ अशी कधी चमकत नव्हती. गाडीला लवकरच रंग मारायचा असेल, तर मात्र सिलिकोन दूर ठेवावे. त्याचा अंश पत्र्यावर राहिला, तर नव्या रंगाला माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात, आणि रंगारी त्याचा दोष कोणाला देईल हे सांगायला नको.

आपल्याकडील गॅरेजांत याहून स्वस्त उपाय चालतात. डिझेलचे फडके फिरवले, की रबर क्षणात काळेभोर होते. बूट पॉलिश, रॉकेल, जळके इंजिन ऑइल, खोबरेल तेल यांचेही भक्त आहेत. पाश्चात्त्य देशांतले हौशी लोक तर शेंगदाण्याचे लोणी चोळतात. ते काही दिवस काळे दिसते आणि मुंग्यांचीही सोय होते. डिझेलचा अपाय मात्र खरा आहे. खनिज तेल नैसर्गिक रबरात आणि ईपीडीएममध्येही शिरते. रबर फुगते, मऊ पडते, आणि तेल उडून जाताना त्याला लवचिक ठेवणारे घटकही कमी होतात. महिन्याभराने ते पूर्वीपेक्षा कडक आणि अधिक करडे दिसते. मग पुन्हा डिझेल. अशा रीतीने दोन-तीन पावसाळ्यांत बीडिंग आखडून कोपऱ्यांत फट पडते.

थंड प्रदेशातील एका रिवाजाचा उल्लेख येथे करायला हवा. जर्मनीत हिवाळ्यात दाराचे रबर पत्र्याला गोठून चिकटते आणि दार ओढताना फाटते. ते टाळण्यासाठी तिथे हरणाची चरबी लावण्याची जुनी पद्धत आहे आणि आजही ती हातात धरण्याजोग्या कांडीच्या रूपात विकली जाते. या मासिकाच्या वाचकांच्या घरात ती येणार नाही, हे उघड आहे. परंतु परदेशातून ‘रबर केअर’ म्हणून मागवलेल्या वस्तूत ती असू शकते, म्हणून घटकांची यादी वाचूनच वस्तू घ्यावी. तिच्यावाचून काही अडतही नाही. खुद्द जर्मनीतही त्याच कामासाठी ग्लिसरीन किंवा सिलिकोन सर्रास वापरतात. ग्लिसरीन प्राणिज चरबीपासूनही निघते, तेव्हा बाटलीवर ते वनस्पतिजन्य असल्याचे लिहिले आहे का, तेही पाहून घ्यावे.

आता मेलेल्या रबराकडे वळू. येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगायला हवी, कारण बाजारात तिच्या उलट दावे छापलेल्या बाटल्या पुष्कळ मिळतात. फुटलेली रेणुसाखळी कोणतेही द्रव्य पुन्हा जोडत नाही. भेग काळी होते, पण भरून येत नाही. कडक झालेले बीडिंग वरून ओशट झाले, म्हणून काचेला पुन्हा घट्ट बिलगत नाही. भात्यांना लवचिक रंग मारण्याची पद्धतही आहे. ठोकळ्यांसारख्या न हलणाऱ्या भागांवर तो रंग बरा टिकतो; घडीवर मात्र थोड्याच दिवसांत त्याची पापडी धरते.

समोरच्या काचेचे बीडिंग हे या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचे. ते आखडले की खालच्या दोन कोपऱ्यांतून पाणी आत शिरते आणि काचेच्या चौकटीतील पत्र्याच्या खोबणीत साचते. पोर्शेने १९७६ च्या मॉडेलपासून ९११ ची बॉडी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची केली. त्यामुळे ही गाडी आपल्या समकालीन गाड्यांपेक्षा पुष्कळ टिकली, यात शंका नाही. पण जस्त काही अमर नाही. वर्षानुवर्षे ओल राहिलेल्या खोबणीत, किंवा कोणी काच काढताना स्क्रूड्रायव्हरने खरवडलेल्या जागी, गंज धरतोच. तो बाहेरून दिसत नाही. रंगाला बीडिंगच्या काठाशी फुगवटा आला, तेव्हा आतले काम पुष्कळ पुढे गेलेले असते. बीडिंगची किंमत काच काढण्या-बसवण्याच्या मजुरीसह धरली, तरी पत्रा कापून नवा जोडणे आणि त्यावर गाडीचा अर्धा भाग रंगवणे यांच्यापुढे ती नगण्य ठरते. हा हिशेब व्यापारी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. तरीही चांगले जाणकार मालक बाटलीवर खर्च करतात आणि बीडिंग पुढच्या वर्षावर ढकलतात, हे आश्चर्य आहे.

बीडिंग बदलायचेच ठरले, तर जुने वाचवण्याचा मोह सोडावा. त्याची बाहेरची ओठाळी पात्याने कापून काच मोकळी करावी. ओढाताण केली तर काच तडकते. चौकट उघडी झाली की घाई न करता गंज पूर्ण काढून, प्राइमर आणि रंग देऊन वाळू द्यावा. ही संधी पुन्हा वीस वर्षे येत नाही. नवे बीडिंग काचेवर चढवतात, त्याच्या आतल्या खोबणीत मजबूत दोरी भरतात, कडांना साबणाचे पाणी लावतात आणि काच चौकटीवर टेकवतात. एक जण बाहेरून तळहाताने दाब देतो, दुसरा आतून दोरी ओढत जातो आणि रबराचा ओठ पत्र्यावर उलटून बसतो. नवे रबर कधीही ताणून बसवू नये. ताणलेले रबर कालांतराने आखडते आणि सांध्यापाशी फट पडते. पट्टी तुकड्याने घेतली असेल, तर ती किंचित लांबच कापावी आणि दाबून बसवावी.

नवे रबर कुठून घ्यावे, हा प्रश्न खरेदीचा आहे आणि त्यात एक सापळा आहे. पोर्शेचा जुन्या गाड्यांसाठीचा विभाग आजही अनेक भाग पुरवतो आणि इतर उत्पादकांच्या नकलाही मिळतात. नकलांचा दर्जा सारखा नसतो. विशेषतः भात्यांच्या घड्या आणि टार्गाच्या छताचे कोपरे यांत फरक लगेच कळतो. पण खरा सापळा आहे तो ‘जुना, मूळ, न वापरलेला’ माल. चाळीस वर्षांपूर्वीचे कारखान्याचे पाकीट, त्यावर छापील क्रमांक, आत न हाताळलेले बीडिंग. संग्राहकाला त्याची भुरळ पडते आणि दुकानदार त्यावर जास्त भाव सांगतो. पण रबर पाकिटातही म्हातारे होते. रबरी मालाच्या साठवणुकीसाठीच्या आयएसओ २२३० या आंतरराष्ट्रीय मानकात नैसर्गिक रबराला प्रारंभिक ५ वर्षे आणि ईपीडीएमला १० वर्षे साठवणकाळ धरला आहे. तपासणीनंतर तो काही वर्षे वाढवता येतो. तोही माल थंड, अंधाऱ्या जागी, ताण न देता ठेवला असेल तरच. कपाटात घडी घालून ठेवलेले चाळीस वर्षांचे बीडिंग प्रदर्शनात मांडावे. पावसात नेऊ नये. मूळपणाचा मान इंजिनाला आणि बॉडीला द्यावा, रबराला उत्पादनाची तारीख विचारावी.

भारतात २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांच्या स्वतंत्र नोंदणीची सोय झाली. त्या नियमात चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. त्यामुळे जुन्या गाडीच्या मालकाने वाचवायचे ते पत्र्याला. गंजून कापावी लागलेली बॉडी परत मिळत नाही; बीडिंग मिळते.

मुंबई किंवा कोकणपट्टीत गाडी ठेवणाऱ्याने हे काम मे महिन्याच्या आत उरकावे. चारच महिने चालणारा पाऊस, खारी हवा आणि त्याआधीचे कडक ऊन ही तिन्ही एकत्र येणारी जागा रबराला फार छळते. प्लॅस्टिकचे आच्छादन घालून गाडी उभी करू नये. आतली वाफ बीडिंगच्या खोबणीतच साचते. हवा खेळती राहील असे कापडी आच्छादन आणि सावली एवढे पुरते. टार्गाचे छत महिनोन्‌महिने आवळून ठेवण्याऐवजी कोरड्या दिवशी अधूनमधून काढून कडा पुसाव्यात, कारण दाबून राहिलेले रबर चपटे होते आणि परत फुगत नाही.

काम पूर्ण झाल्यावर पाण्याची परीक्षा घेतल्याशिवाय मजुरी चुकती करू नये. गाडीतील गालिचे काढून खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद अंथरावा. एकाने आत टॉर्च घेऊन बसावे. दुसऱ्याने बागेच्या पाइपने, जोराचा झोत न मारता, आधी खालून आणि मग वर जात, प्रत्येक कडेवर दोन-तीन मिनिटे पाणी सोडावे. वरून सुरुवात केली, तर पाणी ओघळत खाली येते आणि गळती नेमकी कुठली, ते कळत नाही. समोरच्या काचेचे खालचे कोपरे, मग टार्गा असेल तर छताचे पुढचे दोन कोपरे, हे शेवटपर्यंत पाहावेत. कागद भिजला, तर ती जागा खडूने खुणावून ठेवावी आणि काच पुन्हा काढून घ्यावी.